कोळसा कुठे हटला, कुठे परतला: अणुविजेची पार्श्वभूमी

अणुवीज कोळशाची आणि तेलाची जागा घेऊ शकेल का, या चर्चेत बहुतेक जण २०५० सालाबद्दल बोलतात. मागे वळून पाहणारे थोडे. वास्तविक ही अदलाबदल काही ठिकाणी होऊन गेली आहे आणि काही ठिकाणी उलट दिशेनेही झाली आहे. दोन्हीकडे वीज कशातून आली याच्या वर्षवार नोंदी आहेत.

सुरुवातीला हवामानाचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. २० डिसेंबर १९५१ रोजी अमेरिकेत आयडाहोमधल्या ईबीआर-१ या प्रायोगिक अणुभट्टीने २०० वॅटचे चार दिवे पेटवले. २७ जून १९५४ रोजी सोव्हिएत संघातल्या ओब्निन्स्कची ५ मेगावॅटची भट्टी वीज देऊ लागली. १९५६ साली ब्रिटनमध्ये कॅल्डर हॉल सुरू झाले, पण त्याचे मुख्य काम अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम बनवणे हेच होते. वीज हा जोडधंदा. १९५७ मध्ये शिपिंगपोर्टला उभ्या राहिलेल्या ६० मेगावॅटच्या भट्टीमागे अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांसाठी अणुभट्ट्या बनवून घेणारे ॲडमिरल हायमन रिकोव्हर होते. पाणबुडीत जागा कमी, म्हणून भट्टी आटोपशीर आणि इंधनाच्या लहानशा गाभ्यातून भरपूर उष्णता काढणारी. आज जगात सर्वाधिक संख्येने चालणारी दाबित पाण्याची अणुभट्टी (पाणी उकळू नये म्हणून ते प्रचंड दाबाखाली ठेवणारी) याच घराण्यातली आहे.

त्या आटोपशीरपणाची किंमत भट्टी बंद केल्यावर कळते. साखळी अभिक्रिया थांबली, तरी गाभ्यात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांतून उष्णता निघतच राहते: बंद करताच पूर्ण क्षमतेच्या सुमारे साडेसहा टक्के, तासाभराने दीड टक्का, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ३००० मेगावॅट उष्णता देणाऱ्या भट्टीसाठी दीड टक्का म्हणजे ४५ मेगावॅट. ती वाहून नेणारे पाणी थांबले की गाभा वितळू लागतो.

बाकी यंत्रणा कोळशाच्या केंद्रासारखीच. वाफ, टर्बाइन, जनित्र, संघनक हे सगळे तेच, फक्त उष्णतेचा उगम वेगळा. १००० मेगावॅटचे कोळसा केंद्र वर्षाला साधारण ३० लाख टन कोळसा जाळते. तेवढ्याच क्षमतेच्या अणुभट्टीला ३ ते ५ टक्के समृद्ध केलेले सुमारे २५ टन युरेनियम पुरते, आणि तेही एकदम नाही: दर बारा ते अठरा महिन्यांनी भट्टी थांबवून एक तृतीयांशाच्या आसपास इंधन बदलतात. खाणीपासून केंद्र मोडीत काढण्यापर्यंतचा हिशेब धरून आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास समितीने २०१४ साली दिलेले मध्यक आकडे असे: एका युनिट विजेमागे कोळसा ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, नैसर्गिक वायू ४९०, अणुवीज १२. समुद्रातल्या पवनचक्क्याही १२ वरच येतात.

खरी अदलाबदल घडवली ती तेलाच्या भावाने. ऑक्टोबर १९७३ ते जानेवारी १९७४ या काळात पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरजवळ गेला. फ्रान्समध्ये त्या वेळी विजेचा मोठा वाटा आयात तेलातून येत असे. मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी मोठा अणुकार्यक्रम जाहीर केला. विकत घेणारी आणि चालवणारी एकच सरकारी वीजसंस्था, भट्ट्या बनवणारा एकच कारखानदार आणि नमुने मोजके: ९०० मेगावॅटच्या ३४ भट्ट्या, १३०० मेगावॅटच्या २० आणि १४५० च्या ४. एका नमुन्याची दहावी भट्टी बांधताना पहिल्या नऊ ठिकाणी चुकलेले आणि सुधारलेले सगळे हाताशी होते. १९९० च्या दशकात देशाची तीन चतुर्थांशांच्या आसपास वीज अणुभट्ट्यांतून येऊ लागली. वीजनिर्मितीतून तेल जवळपास हद्दपार झाले, कोळसाही किरकोळ उरला. एवढ्या मोठ्या देशाने एवढ्या कमी वर्षांत केलेला असा बदल दुसरा सापडत नाही. मात्र तो विजेपुरता होता. मोटारी तेलावरच चालत राहिल्या, आणि घरे विजेवर तापवायची पद्धत रुजल्याने कडाक्याच्या थंडीत मागणी एकदम उसळते.

वाटा एवढा मोठा झाला की भट्ट्या मागणीप्रमाणे वर-खाली कराव्या लागतात. तिथे झेनॉन-१३५ आडवे येते. भट्टी चालताना गाभ्यात तयार होणारे हे द्रव्य साखळी अभिक्रिया चालवणारे न्यूट्रॉन अधाशासारखे शोषते. शक्ती कमी केली की काही तास ते वाढतच जाते, आणि पुन्हा शक्ती चढवायला नियंत्रक दांड्या आणि पाण्यातले बोरॉन या न्यूट्रॉन शोषणाऱ्या गोष्टी काढून घेण्याइतक्या शिल्लक असाव्या लागतात. इंधन संपत आलेल्या भट्टीत बोरॉन जवळपास उरलेलेच नसते, म्हणून तिला तेव्हा अशी कसरत करायला लावत नाहीत.

एकसारख्या भट्ट्यांचा तोटाही फ्रान्सनेच सोसला. २०२१ च्या अखेरीस सिव्होच्या भट्टीत, आणीबाणीत गाभ्याला पाणी पुरवणाऱ्या नळांच्या सांध्यांपाशी ताण-गंजाच्या भेगा सापडल्या. आराखडा तोच असलेल्या भट्ट्या एकामागून एक तपासणीसाठी थांबवाव्या लागल्या. नेमक्या युद्धामुळे वायू महागलेल्या २०२२ साली अणुवीज सुमारे २८० अब्ज युनिटपर्यंत घसरली, आणि वीज निर्यात करणारा देश वर्षभराच्या हिशेबात आयातदार ठरला.

अपघातांपैकी २८ मार्च १९७९ चा अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्राचा अपघात बारकाईने पाहावा, कारण तिथला दोष एका दिव्यात होता. दाब सोडणारी एक झडप उघडली आणि अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप ‘बंद’ असल्याचे दाखवत होता. तो झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. ‘बंद हो’ हा विद्युत संदेश गेला की नाही एवढेच दाखवत होता. दाब राखणाऱ्या वेगळ्या टाकीतली पाण्याची पातळी चढलेली दिसली, म्हणून कर्मचाऱ्यांनी आपोआप सुरू झालेला पाण्याचा मारा कमी केला. गाभा उघडा पडला आणि त्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. संरक्षक इमारतीने किरणोत्सार बहुतांशी अडवला, पण त्यानंतर बांधकामाधीन केंद्रांना मध्येच आराखडे बदलावे लागले. चढ्या व्याजाच्या त्या काळात लांबलेल्या प्रत्येक वर्षाने खर्च फुगवला. चेर्नोबिलच्या भट्टीची गोष्ट निराळी. पाण्याची वाफ झाली की शक्ती वाढावी असा मुळातला दोष, त्यात आत शिरताना क्षणभर शक्ती वाढवणारी दांड्यांची ग्राफाइटची टोके, आणि सुरक्षा व्यवस्था बाजूला सारून २६ एप्रिल १९८६ च्या रात्री चाललेली चाचणी. लोकांचा विश्वास मात्र सरसकट सगळ्याच भट्ट्यांवरून उडाला.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांताची नोंद मला सर्वांत बोलकी वाटते, कारण तिथे दोन्ही दिशांचा प्रवास दिसतो. तिथल्या कँडू नमुन्याच्या भट्ट्या जडपाण्यावर, म्हणजे जड हायड्रोजन असलेल्या पाण्यावर चालतात. इंधन एका मोठ्या पात्रात नसते. ते शेकडो आडव्या दाबनलिकांत असते, पिकरिंग केंद्राच्या एका भट्टीत ३९०. प्रत्येक नलिकेभोवती दुसरी थंड नळी आणि दोघींत अंतर राखायला वेटोळ्या स्प्रिंगा. १ ऑगस्ट १९८३ रोजी पिकरिंग-२ मधली एक नलिका फाटली. स्प्रिंगा जागेवरून सरकल्या होत्या, नलिका वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती, आणि त्या थंड ठिपक्यावर धातूत मुरलेला हायड्रोजन गोळा होऊन धातू ठिसूळ झाला होता. भट्टी सुरक्षित थांबली, पण सगळ्या नलिका बदलाव्या लागल्या.

पुढे देखभालीचा अनुशेष इतका साचला की १९९७ मध्ये सात भट्ट्या बाजूला ठेवायचा निर्णय झाला. ती वीज आली कोळशातून. उत्तर अमेरिकेतले सर्वांत मोठे कोळसा केंद्र असलेले सुमारे ४००० मेगावॅटचे नँटिकोक जोरात चालू लागले, आणि प्रांतातली कोळशाची वीज दोन-तीन वर्षांत झपाट्याने वाढली. २००३ मध्ये तिचा वाटा सुमारे २५ टक्के होता. त्याच वर्षापासून पिकरिंग आणि ब्रूस या केंद्रांच्या काही भट्ट्या एकेक करून परतल्या, शेवटच्या दोन २०१२ साली. २०१३ च्या अखेरीस नँटिकोक थांबले आणि एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे केंद्रात कोळसा शेवटचा जळला. वायू, वारा आणि वीजबचत यांचाही हातभार लागला, पण सर्वांत मोठी भर परतलेल्या अणुभट्ट्यांची होती.

११ मार्च २०११ ला जपानमधल्या फुकुशिमा दाइची केंद्रात भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे थांबल्या. मागून आलेल्या त्सुनामीत बुडाले ते तळघरांतले डिझेल जनित्रसंच, आणि पाणी फिरवायला वीज उरली नाही. भूकंपकेंद्राला त्याहून जवळ असलेले ओनागावा केंद्र उंचावर बांधलेले, म्हणून वाचले. नंतर सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ या काळात जपानमध्ये एकही अणुभट्टी चालली नाही. ती तूट मुख्यतः आयात वायू, कोळसा आणि तेलाने भरून काढली. जर्मनीने २०११ मध्येच आठ भट्ट्या बंद केल्या आणि १५ एप्रिल २०२३ ला शेवटच्या तीन. त्या दिवशी लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) केंद्रे चालूच होती. वारा आणि सूर्य यांची तिथली वाढ प्रचंड आहे, पण हा क्रम चुकला असे माझे ठाम मत आहे: नवी स्वच्छ वीज आधी कोळशाच्या जागी जायला हवी होती.

नव्या भट्ट्यांचा अनुभव कडू आहे. फिनलंडमधली ओल्किलुओटो-३ ही २००५ साली बांधायला घेतली, २००९ ला पूर्ण व्हायची होती, नियमित वीज दिली एप्रिल २०२३ मध्ये. पायाच्या काँक्रीटमध्ये पाणी जास्त झाल्यापासूनच अडचणी लागल्या. फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलचे बांधकाम २००७ ते २०२४ चालले. मुख्य वाफनळांचे जोड पुन्हा करावे लागले. दोन्ही ठिकाणी आराखडा नवा होता आणि मोठ्या भट्ट्या बांधणारी पिढी निवृत्त झालेली होती. याउलट संयुक्त अरब अमिरातीतल्या बाराका केंद्रात कोरियन कंपनीने आपल्याकडचा नमुना त्याच सवयीच्या माणसांकडून बांधून घेतला आणि चार भट्ट्या २०२० ते २०२४ दरम्यान चालू केल्या. उशीर तिथेही झाला, पण आज त्या देशाची सुमारे पाव वीज तिथून येते, आणि तेवढा वायू जळायचा थांबला आहे.

जागतिक विजेत अणूचा वाटा १९९६ च्या सुमारास १७ टक्क्यांवर होता, आता तो ९ च्या आसपास आहे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी २०५० पर्यंत क्षमता तिप्पट करण्याची घोषणा केली. दरम्यान ओंटारियोत २०२४ मध्ये पिकरिंगच्या दोन जुन्या भट्ट्या कायमच्या थांबल्या आणि प्रांतातल्या इतर काही भट्ट्या नलिका बदलण्यासाठी बंद आहेत. त्या काळात तिथे वायूवरची वीज पुन्हा वाढू लागली आहे.