ऑपरेशननंतरचं पोट : घागरीवर खापर फोडण्याआधी

पोटाचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, जखम सुकते, माणूस कामाला लागतो. मग पाच-सहा महिन्यांनी, कधी वर्ष-दीड वर्षानं, व्रणाजवळ काहीतरी पुढे आल्यासारखं दिसू लागतं. आपल्या बेळगाव भागात येळ्ळूर-उचगावपासून खानापूरपर्यंत, तिकडे निपाणी-चिकोडीकडे, असं पोट पदराआड सांभाळणाऱ्या बायका घरोघरी भेटतात. कुणाची पिशवी काढलेली असते, कुणाचं सिझर झालेलं असतं, कुणाचं अपेंडिक्स फुटून मोठं ऑपरेशन करावं लागलेलं असतं. घरचं निदान मात्र सगळीकडे एकच : "लवकर कामाला लागलीस, घागर उचललीस, आतला टाका तुटला." तीही ते खरं मानते, मेडिकलमधून पट्टा आणते आणि वर्षानुवर्षं बांधत राहते.

हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि ते चुकीचं असल्याची किंमत बाईच मोजते, आधी अपराधीपणानं आणि मग उपचाराला झालेल्या उशिरानं.

पोटाची भिंत म्हणजे नुसती कातडी आणि चरबी नव्हे. मधोमध, बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात. दोन्ही बाजूंना एकावर एक असे तीन सपाट स्नायू असतात, आणि या सगळ्यांचे चिवट पांढरे पडदे बेंबीच्या रेषेत एकमेकांत गुंफलेले असतात. पोटात पटकन शिरायचं तर सर्जन याच रेषेवर उभा छेद घेतो, कारण तिथं रक्तवाहिन्या कमी आणि स्नायू कापावा लागत नाही. पण रक्त कमी म्हणजे भरून येणंही सावकाश. वरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळते. आतला पडदा मात्र दीड-दोन महिन्यांनंतरही मूळच्या निम्म्याच ताकदीच्या आसपास असतो. पुढे ताकद वाढत जाते, पण पहिल्यासारखी कधीच होत नाही. शरीर आधी घाईघाईनं कच्चं कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, भरतं आणि मग अनेक महिने त्याच्या जागी पक्कं कोलॅजन बसवत राहतं. तोवर भार धाग्यावर असतो. हल्ली त्यासाठी बऱ्याचदा वापरला जाणारा, हळूहळू विरघळणारा धागाही महिन्याभरात अर्धी ताकद गमावतो आणि सहा-सात महिन्यांत संपतो. म्हणजे आठव्या महिन्यात "टाका तुटला" असं म्हणताना आत बऱ्याचदा तुटायला टाकाच उरलेला नसतो.

या पडद्यात पडलेल्या फटीतून आतडं किंवा चरबी कातडीखाली पुढे येते, त्याला हर्निया म्हणतात. मग ही फट पडते कधी? याचा छडा इंग्लंडमधल्या सर्जननी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लावला. त्यांनी ऑपरेशनच्या वेळी पडद्याच्या दोन्ही कडांना धातूच्या बारीक क्लिपा लावल्या आणि पुढे एक्स-रे काढून त्यांच्यातलं अंतर मोजलं. ज्यांच्या कडा पहिल्याच महिन्यात १२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त दूर सरकल्या होत्या, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे हर्निया झाला, कातडी वरून छान जुळलेली असतानाही. फुगवटा दिसला उशिरा. बिघाड सुरुवातीच्या दिवसांतलाच होता. सुगीत उचललेल्या पोत्याचा त्यात हात असला तरी तो शेवटचा.

बिघाडाचं एक मोठं कारण जखमेत होणारा पू. जंतूंमुळे पडद्याची कड मऊ पडते आणि धागा तिला कापत सरकतो. दुसरं कारण शिवण. मार्केट यार्डात पोतं शिवणारा हमाल टाके लांब लांब घालत नाही, कारण ताण थोड्याच टाक्यांवर आला की काठ फाटतो. पोटाचंही तसंच आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांना कडेपासून एक सेंटिमीटरवर, एकेक सेंटिमीटर अंतरानं टाके घातले, आणि उरलेल्यांना पाच-पाच मिलिमीटरवर, बारीक धाग्यानं. वर्षभरानंतर पहिल्या गटात २१ टक्के रुग्णांना हर्निया आढळला, दुसऱ्यात १३ टक्के. हा फरक निव्वळ सर्जनच्या हाताचा. रुग्णाच्या घागरीचा त्यात काहीही संबंध नाही.

तिसरं कारण म्हणजे पोटातला दाब. याबाबत आपल्या समजुती मोजमापाशी फारशा जुळत नाहीत. अमेरिकेत निरोगी तरुणांच्या पोटातला दाब मोजला, तेव्हा उभं असताना तो पाऱ्याच्या २० मिलिमीटरच्या आसपास होता, खोकताना सरासरी शंभराच्या वर आणि उडी मारताना १७० च्या घरात. कमरेत वाकताना किंवा साडेचार किलोचं वजन उचलताना तो फारसा चढला नाही. पाण्यानं भरलेली घागर यापेक्षा कितीतरी जड असते, त्यामुळे पहिले सहा-आठ आठवडे ती उचलू नका हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. पण न थांबणाऱ्या खोकल्याकडे आणि बद्धकोष्ठतेमुळे कुंथण्याकडे आपण दुर्लक्ष करतो, आणि अंथरुणातून उठून चालणाऱ्या बाईला मात्र रागावतो. चालण्यानं पडदा उसवत नाही. चालल्यानं पायात रक्त गोठण्याचा धोका कमी होतो.

खोकल्यावरून तंबाखू आलीच. निपाणीचा पट्टा तंबाखूचा, घराघरांत विड्या वळल्या जातात. निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, विडी-सिगारेटच्या धुरामुळे रक्तातला प्राणवायूही घटतो, आणि मुळातच कमी रक्त मिळणाऱ्या पडद्याची उपासमार होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना असा हर्निया कितीतरी जास्त होतो. डॉक्टर "सिगारेट ओढता का?" असं विचारतात, बाई खरं तेच सांगते, "नाही हो." पण सकाळी लावलेली मिश्री हीदेखील तंबाखूच, आणि तिच्यातलं निकोटिनही रक्तातच जातं. मिश्री लावत असाल तर न विचारताच सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ऑपरेशननंतर पुढे आलेलं प्रत्येक पोट म्हणजे हर्निया नव्हे. उपाय कारणागणिक बदलतो, म्हणून आधी कारण शोधायला हवं. त्याची सुरुवात साध्या तपासणीनं होते. डॉक्टर आधी उभं करून बघतात, खोकायला सांगतात. मग कॉटवर उताणं झोपवून, गुडघे दुमडायला लावून, नुसतं डोकं उचलायला सांगतात आणि व्रणावर बोटं ठेवतात. हर्निया असेल तर खोकल्यासरशी बोटांना आतून धक्का जाणवतो. झोपल्यावर फुगवटा बहुधा आत जातो आणि त्या जागी फटीची कड बोटाला लागते. शंका राहिली तर सोनोग्राफी, आणि मोठ्या हर्नियाला सीटी स्कॅन. सोनोग्राफी करताना खोकायला किंवा जोर करायला लावलं तर झोपल्यावर दडून बसलेला हर्नियाही दिसतो. हे तपासणाऱ्याला तुम्हीही सुचवू शकता.

डोकं उचलल्यावर बेंबीच्या रेषेत लांबट उंचवटा उभा राहिला, पण फटीची कड लागली नाही, तर ते दोन उभ्या स्नायूंमधलं अंतर वाढलेलं असू शकतं. गरोदरपणात हे बहुतेकींना होतं, सिझर असो वा नसो. पडदा ताणलेला असतो, फाटलेला नसतो, त्यामुळे आतडं अडकण्याची भीती नसते. इथं व्यायामाचा उपयोग होतो, पण तो फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेला हवा : श्वास सोडत पोट आत ओढणं, ओटीपोटाचे स्नायू आवळणं. व्हिडिओ बघून एकदम पन्नास सिट-अप्स (उताणं झोपून धड उचलणं) काढल्या, तर तोच उंचवटा प्रत्येक वेळी बाहेर ढकलला जातो.

सिझरच्या आडव्या व्रणावर लोंबणारी चरबीची वळी हा आणखी वेगळा प्रकार. आडवा छेद १९०० साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ फानेनश्टील यांनी मांडला. त्यात उभे स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात, म्हणून तिथं हर्निया बराच कमी होतो. पण व्रण खालच्या थराला चिकटतो आणि वरची चरबी त्यावर झुकून राहते. वजन उतरलं की वळी कमी होते, तरी पूर्ण जातेच असं नाही. बाळंतिणीचं पोट बांधण्याची आपली पद्धत आधार म्हणून चांगली आहे. तिनं ही वळी मोडत नाही, हेही खरं.

मूत्रपिंडाच्या ऑपरेशनसाठी कुशीत छेद घेतलेल्यांची तक्रार सर्वांत कमी समजून घेतली जाते. त्या जागी बरगड्यांखालून निघालेल्या नसा सपाट स्नायूंच्या मधून पुढे येतात. छेदात एखादी नस दुखावली तर तिच्या ताब्यातला स्नायू लुळा पडतो आणि ती अख्खी बाजू फुगते. सीटी स्कॅनमध्ये फट कुठेच नसते. डॉक्टर म्हणतात, "हर्निया नाही", घरचे म्हणतात, "मग काहीच नाही", आणि माणूस एकाच बाजूनं घट्ट होणारा सदरा घालून फिरत राहतो. काहीच नाही असं नसतं. नस कधी वर्षभरात थोडी सावरते, कधी नाही. भोक शिवून हे दुरुस्त होत नाही, कारण शिवायला भोकच नाही, म्हणून पुन्हा ऑपरेशनचा निर्णय फार विचारानं घ्यावा लागतो.

खरा हर्निया असेल तर तो पट्ट्यानं, व्यायामानं किंवा काढ्यानं बुजत नाही. पट्ट्यानं आधार मिळतो, ओढ कमी वाटते, ऊसतोडीला किंवा रोप लावणीला जाणाऱ्या बाईला तो उपयोगी पडतो. फट तेवढीच राहते. दुरुस्ती ऑपरेशनानंच होते, आणि त्यात बहुधा पॉलिप्रॉपिलीनची जाळी बसवतात. पोटात जाळी म्हटली की लोक घाबरतात. त्यांच्यासाठी एक अभ्यास सांगण्याजोगा आहे, तोही नेदरलँड्समधलाच, २००० सालचा : नुसत्या टाक्यांनी दुरुस्त केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा हर्निया तीन वर्षांत परत आला, जाळी बसवलेल्यांपैकी २४ टक्क्यांचा. जाळी बसवूनही धोका शून्य होत नाही. पण जाळीच्या भोकांतून शरीराचं स्वतःचं कोलॅजन वाढतं आणि भार विभागला जातो.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीचे आठवडे वाया घालवू नयेत. तंबाखू, मिश्री, विडी निदान चार आठवडे आधी बंद, साखर आटोक्यात, खोकल्यावर उपचार, जमेल तेवढं वजन कमी. पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड शोधून ठेवा. आपल्याकडे पहिलं ऑपरेशन मिरजेला किंवा कोल्हापूरला आणि दुसरं बेळगावात, असं सर्रास होतं. कुठला छेद, पू झाला होता का, जाळी घातली होती का, हे त्या कार्डाशिवाय नव्या सर्जनला कसं कळणार? लहान, न दुखणारा, सहज आत जाणारा हर्निया असेल तर डॉक्टर काही काळ थांबायलाही सांगतात. मात्र फट अरुंद असेल तर ती छोटी म्हणून निर्धास्त राहू नये, आतडं अडकतं ते अशाच अरुंद तोंडात.

एरवी आत जाणारा फुगवटा अचानक कडक झाला, झोपूनही आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं थांबलं, वरची कातडी लाल किंवा काळपट दिसू लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो, आणि काही तासांत तो भाग मरतो. फुगवटा जोरानं आत दाबायचा नाही, चोळायचा नाही, एरंडेल पाजायचं नाही, तोंडानं काहीच द्यायचं नाही. सकाळच्या एसटीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा आणि जिथं रात्री सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर हजर असतात, अशाच मोठ्या दवाखान्यात थेट न्यावं.