‘वनस्पतींनाही जीव असतो’: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मटकी रात्री भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि गाठोडं उबेला ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली की दाण्यादाण्यातून पांढरा मोड वर आलेला असतो. काही मोड तर फडक्याच्या विणीतून पार बाहेर पडलेले असतात, ते हलक्या हाताने सोडवून घ्यावे लागतात. लहानपणी आमच्या शेजारच्या जैन घरात मोडाचं कडधान्य चालत नसे. मोड फुटला की त्यात अनंत जीव उत्पन्न होतात, असं त्या घरातल्या काकू समजावून सांगत. आमच्याकडे त्याच मटकीची उसळ होई, आणि रविवारी मटण. पाहुण्यांपैकी कुणी मटणाला नाक मुरडलं की ठरलेला प्रश्न येई, ‘मग भाजीपाल्याला जीव नसतो का?’

हा प्रश्न आजही रोज कुठे ना कुठे विचारला जातो, बहुतेकदा वाद तिथेच मिटवायला. मला तो तसा मिटू द्यावासा वाटत नाही. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत हा प्रश्न ज्यांनी मांडला, ते मांसाहाराची वकिली करत नव्हते. आपल्या हातून किती हिंसा होते ते त्यांना बघायचं होतं, आणि बघून ती कमी करायची होती.

जैनांचं आचारांग सूत्र त्यांच्या सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक. त्याच्या पहिल्याच अध्ययनात माणूस आणि वनस्पती शेजारी शेजारी उभे केले आहेत. हा जन्मतो, तीही जन्मते. हा वाढतो, तीही वाढते. तोडलं की हा म्लान होतो, तीही होते. यालाही आहार लागतो, तिलाही. पुढे याच विचारातून इंद्रियांची उतरंड पक्की झाली. वनस्पतीला फक्त स्पर्श, म्हणून ती एकेंद्रिय. गांडुळाला दोन इंद्रियं, मुंगीला तीन, माशीला चार, आणि पशुपक्षी व माणूस पंचेंद्रिय. हिंसा सगळीकडे आहे, पण सगळीकडे सारखी नाही, असं ही उतरंड सांगते. गृहस्थाला एकेंद्रियापर्यंत मुभा मिळाली, आणि तिथेही मोजदाद थांबली नाही. फळ तोडलं तरी झाड जगतं, कंद उपटला की सगळं रोप जातं, आणि कंदाच्या एका देहात अनंत जीव राहतात, म्हणून कांदा, मुळा, गाजर वर्ज्य. बटाटा तर पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. तोही या जुन्या नियमात जाऊन बसला.

बौद्धांच्या विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे. भिक्खू बाराही महिने हिंडत. पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली हिरवं गवत तुडवलं जाई, बारीक जीव मरत. लोक कुरकुर करू लागले की हे श्रमण एकेंद्रिय जीवाला इजा करतात, पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरट्यात बसतात, यांना बसवत नाही का. त्यावरून वर्षावासाचा, म्हणजे पावसाळाभर एका जागी राहण्याचा नियम झाला. भाजे, कार्ले, कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खू पावसाळा काढत, त्यामागे ओल्या गवताची ही तक्रार आहे. लेण्यांच्या पायऱ्या चढताना मला ती दर वेळी आठवते. मात्र याच विनयात भिक्षेत मिळालेलं मांस चालत असे. ते आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नसावं, ऐकलं नसावं, तशी शंकाही नसावी, एवढ्या तीन अटी. जैनांनी रेघ जीवाच्या जातीवर ओढली, बौद्धांनी खाणाऱ्याच्या मनावर.

महाभारताच्या वनपर्वात या वादाचं सर्वांत धीट रूप सापडतं. कौशिक नावाचा ब्राह्मण रागाच्या एका नजरेने बगळी मारून बसलेला. एका गृहिणीने त्याला मिथिलेत धर्मव्याधाकडे धाडलं. व्याध बाजारात हरणाचं आणि म्हशीचं मांस विकत बसला होता. ‘हा धंदा तुला शोभत नाही’ असं ब्राह्मणाने म्हणताच व्याध बोलू लागतो. शेती चांगली समजतात, पण नांगराच्या फाळाखाली जमिनीतले किती जीव मरतात? भात आणि इतर धान्याचे दाणे, तेही जिवंतच आहेत. झाडं आणि वेली माणसं तोडतात, त्यांतही जीव आहेत. चालताना पायाखाली मरतात ते वेगळेच.

आज ‘झाडांनाही जीव असतो’ म्हणणाऱ्यांना हा व्याध आपला वाटेल. पण त्याने स्वतःबद्दल सांगितलेलं सहसा कुणी पुढे सांगत नाही. तो स्वतः जनावर मारत नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो, आणि मांस खातही नाही. अहिंसेत रमलेले यतीसुद्धा हिंसा करतातच, पण यत्नाने ती ‘अल्पतर’ होते, असं तो म्हणतो. ‘अल्पतर’ म्हणजे आणखी थोडी कमी. मला या सगळ्या परंपरेतला हा सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. हिंसा शून्यावर येत नाही हे त्याने कबूल केलं, आणि तेवढ्यावरून सगळी हिंसा सारखीच ठरवायला नकार दिला.

मराठीत हा प्रश्न ज्ञानेश्वरीत आला, शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये. तेराव्या अध्यायात ‘अहिंसा’ या एका शब्दावर ज्ञानदेव थांबतात आणि आधी प्रचलित अहिंसेची झडती घेतात. यज्ञातली हिंसा येते, मग आयुर्वेद. एका जीवाचं दुखणं दूर करायला दुसऱ्याचे कंद खणवले, कुणाला मुळापानांसकट उपटलं. ‘अजंगमाची खाल काढविली’ असं ते म्हणतात. अजंगम म्हणजे जे जागचं हलत नाही ते झाड, आणि खाल म्हणजे त्याची साल. शब्द मात्र कातडी सोलण्याचा. पुढे ‘अजातशत्रु तरुवरां’ या शब्दांत झाडांचं दुःख येतं. ज्यांचा जगात कुणी शत्रू नाही, त्यांच्या अंगभर चिरा पाडून त्यांना कोरडं केलं. औषधाच्या काढ्याकडे इतक्या जवळून पाहणारा मजकूर मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण ज्ञानदेव तिथे थांबत नाहीत. हिंसेच्या भयाने जे अन्न शिजवतच नाहीत, त्यांचे प्राण कासावीस होतात, तीही हिंसाच असं ते सांगतात. स्वतःचा जीवही त्यांनी हिशेबात धरला.

या टोकाला प्रत्यक्ष गेलेला एक मराठी माणूस आपल्या जवळच्या काळातला आहे. धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या सांखवाळचे, पालीचे पंडित. बुद्ध आणि त्या काळचे श्रमण मांस खात होते का, यावर त्यांनी पुरावे पुढे ठेवून लिहिलं आणि त्यासाठी रोषही ओढवून घेतला. उतारवयात त्यांना जैन तीर्थंकर पार्श्वनाथांचा चातुर्याम, म्हणजे चार व्रतांचा धर्म जवळचा वाटू लागला, आणि १९४७ साली सेवाग्राममध्ये त्यांनी अन्न सोडून देह ठेवला. खाण्यातली हिंसा कमी करत जाण्याचा रस्ता शेवटी कुठे पोचतो ते त्यांना ठाऊक होतं.

पश्चिमेकडे वाद वेगळ्या अंगाने गेला. ॲरिस्टॉटलच्या लेखी वनस्पती जनावरांसाठी आणि जनावरं माणसासाठी. तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने मांस सोडण्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यालाही ‘मग वनस्पतींचं काय?’ या आक्षेपाला उत्तर द्यावं लागलं. १७८९ मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमने प्रश्नच बदलला. जनावर विचार करतं का, बोलतं का, हे सोडा, त्याला यातना होतात का ते सांगा. १९७५ मध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगरने प्राण्यांच्या बाजूने जे लिहिलं, ते याच कसोटीवर उभं आहे. आपल्याकडे कसोटी ‘जीव’ होती, तिकडे ‘वेदना’ झाली. आजच्या वादात एक जण जीवाबद्दल बोलत असतो आणि दुसरा वेदनेबद्दल, म्हणून दोघांची गाठ पडत नाही.

या दोन कसोट्या एकाच टेबलावर आणल्या त्या जगदीशचंद्र बोसांनी. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी धातू, वनस्पती आणि प्राण्याचा स्नायू यांच्या प्रतिसादांचे आलेख दाखवले. विषाने, थकव्याने रेघ कशी मंदावते ते तिन्हींत सारखंच दिसत होतं. पुढे त्यांनी क्रेस्कोग्राफ बनवला. रोपाची वाढ तो हजारो पटींनी मोठी करून दाखवी. डोळ्यांना ढिम्म वाटणारं रोप पडद्यावर सरकताना दिसे. त्यांच्या लंडनमधल्या प्रयोगशाळेत कोबीचं पान उकळताना तडफडलेलं पाहून शाकाहारी बर्नार्ड शॉ फार अस्वस्थ झाले, असं सांगतात. १९२० साली बोसांचं चरित्र पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. ‘झाडालाही भावना असतात, हे बोसांनी सिद्ध केलं’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. बोसांनी दाखवला तो प्रतिसाद. प्रतिसाद आणि दुःख यांत अंतर आहे.

ते अंतर पुसण्याचं काम नंतर दुसऱ्यांनी केलं. १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये क्लीव्ह बॅकस्टर याने कुंडीतल्या ड्रॅसीनाच्या पानाला खोटं पकडण्याचं यंत्र जोडलं आणि झाडाला माणसाच्या मनातलं कळतं असं जाहीर केलं. गोष्ट जगभर गेली. १९७५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला, तेव्हा तसं काहीच आढळलं नाही. पण ती बातमी तितकी पसरली नाही.

खरं जे आहे तेही कमी विलक्षण नाही. २०१८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सायमन गिलरॉय आणि सहकाऱ्यांनी एक चित्रफीत दाखवली. अळी पान कुरतडते, आणि त्या जागेपासून प्रकाशाची लाट निघून देठातून दुसऱ्या पानांपर्यंत एक-दोन मिनिटांत पोचते. ती कॅल्शियमची लाट होती, दिसावी म्हणून चमकणाऱ्या प्रथिनाने उजळलेली. ती सुरू करतं ग्लुटामेट, जे आपल्या मेंदूतही निरोप्याचं काम करतं. लाट पोचलेली पानं बचावाची तयारी सुरू करतात. मी ती चित्रफीत तीनदा पाहिली आणि मेथी निवडताना माझा हात क्षणभर थांबला. तरीही, त्या झाडात दुखणं ज्याच्यापाशी पोचावं असं कुणी आहे, याचा पुरावा त्यात नाही. चेतासंस्था नाही, मेंदू नाही. २०१९ मध्ये लिंकन टाइझ आणि इतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी वनस्पतींत जाणीव असल्याचा दावा स्पष्टपणे नाकारला. प्राण्यांकडची रेघ मात्र खाली खाली सरकते आहे. शास्त्रज्ञांच्या २०१२ च्या केंब्रिज जाहीरनाम्याने सस्तन प्राणी, पक्षी आणि ऑक्टोपस यांच्यात जाणिवेला लागणारी मज्जारचना आहे असं म्हटलं. २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने खेकडे, कोळंबी आणि माकुल यांनाही संवेदनशील मानलं.

समजा, वनस्पतीलाही दुखतं. तरी हिशेब मांसाच्या बाजूने झुकत नाही, कारण जनावरही वनस्पती खाऊनच वाढतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पूर आणि नेमेचेक यांच्या अभ्यासानुसार जगातली सुमारे ८३ टक्के शेतजमीन मांस, दूध, अंडी आणि मत्स्यशेतीसाठी वापरली जाते आणि त्यातून मिळतात सुमारे १८ टक्के उष्मांक. म्हणजे झाडांची कणव खरी असेल तर ताटात झाडंच जास्त असायला हवीत.

या हिशेबाला आक्षेपही आला, आणि तो धर्मव्याधाचाच होता. २००३ मध्ये ओरेगनच्या स्टीव्हन डेव्हिस यांनी मांडलं की नांगरणी-कापणीत उंदरांपासून कितीतरी प्राणी मरतात, त्यापेक्षा कुरणावरची मोठी जनावरं खाल्ली तर कमी जीव जातील. त्याच वर्षी गॅव्हरिक मॅथेनी यांनी दाखवलं की डेव्हिस यांनी एकरामागे मोजलं, माणसामागे मोजलं नाही. तेवढंच अन्न द्यायला कुरणं कितीतरी जास्त लागतात.

पण आकडे सगळीकडे एकसारखे लागू होत नाहीत. माणदेशातला धनगर मेंढ्या घेऊन फिरतो तो काढणी झालेल्या रानांतून, बांधांवरून, बाभळीच्या शेंगांवरून. तिथे माणसाला खाण्याजोगं काही नसतं. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतो, त्यांच्या लेंड्यांनी जमीन कसदार होते. उलट सहा आठवड्यांत वाढलेली ब्रॉयलर कोंबडी मका आणि सोयाबीनच्या पेंडेवर पोसलेली असते, ती जमीन आपल्या ताटाशी स्पर्धा करते. दोन्हीला ‘नॉनव्हेज’ हा एकच शब्द वापरून आपण विचार करायचंच थांबवतो.

आणि या प्रश्नाला धार का आली, तेही सांगायला हवं. आपल्याकडे ताटावरून माणसाची पायरी ठरवली गेली. १९४८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेचं मूळ शोधताना ते गोमांसाशी जोडलं. आजही ‘व्हेज आहात का?’ विचारून घर नाकारलं जातं. ज्याला आयुष्यभर हिंसक, अपवित्र म्हणून हिणवलं, त्याने ‘तुमच्या भाजीला जीव नाही का?’ असं विचारलं तर ते मी समजू शकते. तो तेव्हा भाजीबद्दल बोलत नसतो. वारकऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. शेतकरी, माळी, धनगर अशा घरांतल्या माणसांनी तुळशीची माळ घालून मांस सोडलं, ते कुणाच्या वर बसायला नव्हे.

स्वित्झर्लंडने मार्च २०१८ पासून लॉबस्टर बधिर न करता जिवंत उकळायला बंदी घातली. आमच्याकडे चिंबोरीच्या नांग्या ती जिवंत असतानाच मोडायची पद्धत होती, म्हणजे हाताला चिमटा बसत नाही. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही चिंबोऱ्या आधी बर्फात पुरून ठेवतो. त्यांची हालचाल पूर्ण थांबली की मगच नांग्यांना हात लावतो.