ट्रेबलचा चिरकेपणा व त्याचे शमन

घरच्या स्पीकरमधला वरचा आवाज, साधारण २ ते २० किलोहर्ट्झ (एक किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपने), बाकी आवाजाच्या पुढे धावून कानाला टोचू लागला की त्याला चिरका किंवा ‘शार्प’ ट्रेबल म्हणतात. ही नोंद जळगाव, धुळे, नंदुरबारकडची घरे डोळ्यासमोर ठेवून केली आहे. त्याचे कारण असे की दुकानात गोड वाजलेली स्पीकरची जोडी घरी आल्यावर चिरकते तेव्हा दोष बहुधा पेटीत नसतो, खोलीत असतो.

माणसाचा कान २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे दोन-तीन डेसिबलची (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढही जाणवते. ‘स’, ‘श’ यांचा सणसणाट मुख्यतः त्याच्या वर, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असतो. पारखायला भजनाचे चांगले ध्वनिमुद्रण पुरते. टाळांचा नाद लांबत विरला पाहिजे; चिरक्या जोडीतून नुसता ‘च्स्स’ असा फवारा येतो आणि गाणाऱ्या बाईच्या प्रत्येक ‘स’ला शिट्टी चिकटते. एकाच गाण्यात असे होत असेल तर स्पीकरला हात लावू नये. लग्नाच्या वरातीत दणकावण्यासाठी केलेली अहिराणी गाणी मुळातच तशी मिसळलेली असतात.

खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत लाकडी कड्या, मातीच्या ओबडधोबड भिंती, कोपऱ्यात कोठ्या आणि रचलेल्या गोधड्या असत. आवाज कुठे विखुरला जाई, कुठे जिरे. आता स्लॅब, गुळगुळीत प्लास्टर, खाली चकचकीत फरशी आणि समोर काचेची खिडकी. उन्हाळ्यात पुसून काढायला आणि गारव्याला हे उत्तम, पण वरचा आवाज त्यावरून जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की मागून ‘झर्रर्र’ ऐकू येते, ते याचेच.

यावरचा उपाय जुना आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते मोजले. खोली जितकी मोठी तितके घुमणे जास्त आणि शोषक पृष्ठभाग जितका जास्त तितके ते कमी, हा त्यांचा नियम आजही चालतो. गाद्यांच्या बाबतीत खान्देशाला बाहेर जावे लागत नाही, कापूस इथलाच.

जाडी मात्र महत्त्वाची. २ किलोहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १७ सेंमी असते आणि शोषक थर तिच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे चार-साडेचार सेंमी असेल तरच तो नीट काम करतो. पातळ पडदा फक्त अगदी टोकाचा आवाज खातो. त्याने टाळांची चमक जाते आणि टोचणारा पट्टा तसाच राहतो. अंड्यांचे ट्रे तर निव्वळ भिंत विद्रूप करतात. लाकडी पट्ट्यांची दोन-तीन इंच खोल चौकट करून तीत पिंजलेला कापूस भरावा, वर मांजरपाट ताणावे आणि गादीला घालतात तसे आरपार टाके घालावेत. नाहीतर वर्षभरात सगळा कापूस खाली बसतो. कापूस पेट घेतो, म्हणून चौकट विजेच्या बोर्डापासून आणि देवघराच्या दिव्यापासून लांबच टांगावी.

कुठे टांगावी, हे आरसा सांगतो. आपण ऐकायच्या जागी बसावे आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. ज्या जागी आरशात ट्वीटर, म्हणजे पेटीतला वरचा आवाज काढणारा छोटा स्पीकर, दिसेल ती जागा झाकायची. खाली सतरंजीपेक्षा जाड गालिचा किंवा गादी बरी.

एक इंची ट्वीटर १० किलोहर्ट्झच्या वर सरळ समोर जास्त आणि बाजूला कमी वाजतो. त्यामुळे पेट्या थेट कानाकडे न रोखता थोड्या सरळ केल्या तर धार उतरते. टोचणी ३-४ किलोहर्ट्झची असेल तर याचा फारसा उपयोग होत नाही.

इंग्लंडचे अभियंते पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या टोन कंट्रोलच्या, म्हणजे बेस-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या, विद्युत-मंडलाचीच रूपे पुढे असंख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आली. ट्रेबलचा नॉब थोडा मागे घेण्यात कमीपणा कसला, हे काही शौकिनांना पटत नाही. ते महागड्या वायरी बदलत बसतात. इकडे कूलरची भानगड वेगळीच आहे. चार महिने त्याच्या घरघरीत बारीक आवाज बुडतात म्हणून नॉब पुढे सरकतो, आणि दिवाळीत खोली शांत झाली की तीच जोडी कर्कश वाटते.

खोली सुधारूनही टोचणी उरली तर ट्वीटरला एकसर जोडणीत, म्हणजे त्याच्याकडे जाणाऱ्या तारेच्या वाटेतच, रेझिस्टर (वीजप्रवाहाला अडवणारा भाग) घालतात. ८ ओहमच्या ट्वीटरला १ ओहमने सुमारे १ डेसिबल, २ ओहमने सुमारे २ डेसिबल उतार मिळतो. पण एकट्या रेझिस्टरने क्रॉसओव्हरला (वरचा आणि खालचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणाऱ्या मंडलाला) दिसणारा भार बदलतो. तो तसाच ठेवायचा तर एल-पॅड, म्हणजे दोन रेझिस्टरांची जोडणी, लागतो: ३ डेसिबलसाठी एकसर सुमारे २.३ आणि ट्वीटरला समांतर सुमारे १९ ओहम. रेझिस्टर पांढरे, सिमेंटचे, ५ किंवा १० वॅटचे घ्यावेत, कारण ते तापतात. आणि दोन्ही पेट्यांत सारखेच बसवावेत.

आवाज वाढवल्यावरच चिरकत असेल तर मात्र यातले काहीच लागू पडत नाही. तिथे लहान अ‍ॅम्प्लिफायर क्षमतेपलीकडे ताणला जाऊन लाटांचे शेंडे छाटत असतो, त्यातून नको ते वरचे स्वर तयार होतात आणि शेवटी ट्वीटरची कॉइल जळते.