किरणोपचारातील दंतनिगा

किरणोपचारातील दंतनिगा : डोके व मान या भागांतील कर्करोगावर किरणोपचार (व्यवहारात नुसते ‘रेडिएशन’) घेणाऱ्या रुग्णाचे दात, हिरड्या व जबडे यांची उपचारापूर्वी, उपचार चालू असताना आणि पुढे आयुष्यभर घ्यावयाची काळजी. या कर्करोगांत किरणांची एकूण मात्रा सामान्यतः ६० ते ७० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) असून ती रोज सुमारे २ ग्रे याप्रमाणे सहा-सात आठवड्यांत देतात. तोंडाच्या आतील त्वचेचा दाह उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. लाळग्रंथी व जबड्याचे हाड यांची हानी मात्र बहुधा भरून येत नाही. दंतनिगेचे सर्व नियम या भेदातून निघाले आहेत.

लाळ व दंतक्षय : कानापुढील लाळग्रंथी किरणांना फार संवेदनशील असतात, पहिल्याच आठवड्यात लाळ घटू लागते. ग्रंथीला पोहोचणारी सरासरी मात्रा २६ ग्रेच्या आत राखल्यास लाळ काही अंशी परत येते, असे दिसते. उरलेली लाळ दाट व आम्लधर्मी होते. एरवी सहसा न किडणाऱ्या जागा, म्हणजे हिरडीलगतची दाताची मान, समोरच्या दातांच्या कडा आणि दाढांचे उंचवटे, काही महिन्यांतच किडतात. वेदना बहुधा नसल्याने रुग्णाच्या ते लक्षात येत नाही आणि दाताचा माथा मानेपाशी तुटून येतो.

ही कीड लाळ आटल्याने होते की किरणांच्या दातावरील थेट परिणामाने, याबद्दल मतभेद आहेत. ६० ग्रेच्या वर मात्रा मिळालेल्या दातांत एनॅमल (दाताचे कठीण बाह्य कवच) आणि डेंटिन (त्याखालचा थर) यांची सांधणी कमकुवत होते, असे काही संशोधक मानतात. मात्र किरणांच्या टापूबाहेरचे दातही तसेच किडतात, त्यामुळे लाळेचा अभाव हेच मुख्य कारण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. थेट परिणाम त्यात भर घालीत असावा.

जबड्याचा अस्थिमृत्यू : किरणित हाड उघडे पडून काही महिने भरून न येणे, अशी या विकाराची सर्वसाधारण व्याख्या आहे. त्याचे पहिले वर्णन बहुधा रेगो या फ्रेंच वैद्याने १९२२ च्या सुमारास केले. किरण, इजा व जंतुसंसर्ग या त्रयीतून तो होतो, ही संशोधक मायर यांची मांडणी (१९७०) काही काळ प्रमाण मानली गेली. मुखशल्यचिकित्सक मार्क्स यांनी १९८३ मध्ये ती नाकारली. त्यांच्या मते किरणित ऊतकात रक्तवाहिन्या, पेशी व ऑक्सिजन तिन्ही कमी पडतात, त्यामुळे जखम भरत नाही. जंतू केवळ पृष्ठभागावर असतात. यातूनच अतिदाब ऑक्सिजन उपचार (अधिक दाबाच्या कक्षात शुद्ध ऑक्सिजन श्वसनातून देणे) रूढ झाला. दात काढलेल्या ७४ रुग्णांच्या १९८५ मधील चाचणीत पेनिसिलिन गटातील ३७ पैकी ११ जणांना अस्थिमृत्यू झाला, तर ऑक्सिजन गटातील ३७ पैकी दोघांनाच. परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘होपॉन’ नावाच्या चाचणीत ऑक्सिजन दिलेल्या व न दिलेल्या दोन्ही गटांत हे प्रमाण सुमारे ६ टक्केच आढळले व ऑक्सिजनचा लाभ दिसला नाही. दरम्यान देलानियां व लफे या फ्रेंच संशोधकांनी तंतुमयतेला (ऊतक व्रणासारखे कठीण, तंतुमय होण्याला) मूळ दोष ठरवून पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारे औषध) व ई जीवनसत्त्व यांचा वापर सुचविला. आजचा कल या मताकडे अधिक दिसतो, तरी मार्क्स यांची मांडणी सर्वस्वी टाकाऊ ठरलेली नाही. खालच्या जबड्याचे हाड घट्ट व रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने वरच्या जबड्यापेक्षा तेथे हा विकार पुष्कळच अधिक आढळतो.

निगा : पूर्वी किरणोपचारापूर्वी सर्वच दात काढीत. फ्लोराइडचा उपयोग सिद्ध झाल्यावर ही चाल मागे पडली. वाचू न शकणारे दात, विशेषतः अधिक मात्रेच्या टापूतील खालच्या दाढा, किरणोपचाराच्या किमान १० ते १४ दिवस आधी काढतात. मात्र त्यासाठी कर्करोगाचा उपचार लांबविणे इष्ट नव्हे. म्हणूनच निदान होताच दंतवैद्याची भेट व्हावी; ही एक भेट चुकली तर तिची भरपाई पुढे क्वचितच होते. दातांतील धातूच्या भरणांवरून किरण विखुरतात व लगतचा गाल किंवा जीभ अधिक भाजते; मधे मऊ साचा ठेवल्यास हे टळते.

उपचारकाळात मऊ ब्रश आणि मीठ व खाण्याच्या सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या पुरतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्यांनी दाह टळतो असे दिसलेले नाही. तोंड दुखत असताना कवळी काढून ठेवतात. पुढे रोज, दातांच्या मापाच्या साच्यात १.१ टक्के सोडियम फ्लोराइडची उदासीन (आम्लधर्मी नसलेली) जेल घालून तो साचा ५ ते १० मिनिटे बसवितात; लाळ कमी आहे तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर, हे चालू ठेवावे लागते. जबडा ३५ मिमी. पेक्षा कमी उघडत असेल तर तो आखडला असे मानतात. त्यावरचा व्यायाम आखडण्यापूर्वीच सुरू करावा.

उपचारानंतर दात काढणे शक्यतो टाळतात. माथा कापून मुळांवर मूळनलिका उपचार (रूट कॅनाल) करणे हा त्यावरचा सोयीचा मार्ग होय. दात काढावाच लागला, तर इजा कमीत कमी होईल असे पाहतात. वर्षे लोटली म्हणून धोका संपला, असे समजू नये.

बालरुग्णांत दातांची मुळे आखूड राहतात किंवा काही दात बनतच नाहीत.