इंदूरच्या मल्ट्यांमधील मेंटेनन्सचे वाद : पार्श्वभूमी

इंदूरमधील एखाद्या मल्टीत, म्हणजे बहुमजली सदनिकांच्या इमारतीत, मेंटेनन्सवरून भांडण सुरू होते, तेव्हा पहिली तक्रार रकमेचीच असते. लिफ्ट वारंवार बंद पडते, उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे मागितले जातात, चौकीदार रात्री जागेवर नसतो, मग शुल्क वाढवले कशासाठी, असे रहवासी विचारतात. मात्र प्रकरण कागदावर येऊ लागले की त्याखालचा दुसरा प्रश्न उघडा पडतो : ही रक्कम ठरवण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार बिल्डरचा, त्याने नेमलेल्या देखभाल एजन्सीचा, की रहवासी संघाचा? या प्रश्नाचे उत्तर इमारत उभी राहतानाच ठरलेले असावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. इंदुरात ते बहुधा पहिली थकबाकी साचल्यावर शोधले जाते, आणि त्याची कारणे या शहराच्या वस्तीच्या इतिहासात आहेत.

होळकरांच्या काळापासून येथील मराठी कुटुंबांचा मोठा भाग राजवाड्याच्या आसपासच्या आळ्यांत आणि रामबागेसारख्या भागांत वाड्यांमधून भाड्याने राहत आला. वाड्याची डागडुजी, चुना, पन्हळी, विहिरीचा उपसा ही कामे मालकाची, आणि भाडेकऱ्याने महिन्याला एकच रक्कम द्यायची, ही रीत होती. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ मुळे जुन्या भाडेकऱ्याला घरातून काढणे आणि भाडे वाढवणे, दोन्ही अवघड झाले. मालकांचा दुरुस्तीतला रस संपला आणि वाडे खचत गेले. या व्यवस्थेत वाढलेल्या पिढ्यांना घराच्या देखभालीसाठी स्वतंत्र, नियमित वर्गणी देण्याचा प्रसंग कधी आलाच नाही.

पुढे ज्यांनी वाडे सोडले, त्यातले बरेच जण गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या भूखंडांवर गेले. सहकारी गृहनिर्माणाचा जो नमुना मुंबईत १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने घालून दिला, त्यात जमीन आणि इमारत संस्थेच्या मालकीची असते, सभासद तेथे राहतो आणि दरमहा संस्थेला पैसे देतो. इंदूरच्या संस्थांनी वेगळे केले. त्यांनी शेतजमीन घेतली, भूखंड पाडले, वाटले. प्रत्येकाने आपापले घर बांधले आणि रस्ते, दिवे, गटारे यांची जबाबदारी नगर निगमाकडे जावी म्हणून हस्तांतरणाचे अर्ज सुरू झाले. सहकारी संस्था म्हटले की जुन्या इंदूरकराला आजही देखभाल आठवत नाही, भूखंड आठवतो, आणि अनेकांना तर न मिळालेला भूखंड आठवतो. संस्थांमधील भूखंड घोटाळ्यांनी या शहरात सहकार या कल्पनेविषयी जो संशय रुजवला, तो पुढे रहवासी संघांच्या वाट्यालाही आला, असे मला वाटते.

मल्ट्या आल्या त्या या पार्श्वभूमीवर. सामायिक जिना, लिफ्ट, बोअरवेल, पाण्याची टाकी आणि गच्ची असलेली इमारत म्हणजे एक कायमचा चालू खर्च असतो. नर्मदेचे पाणी शहरात १९७०च्या दशकाच्या अखेरीस पोहोचले, तरी वाढत्या शहराला ते पुरले नाही आणि बहुतेक इमारतींचा मोटार, टँकर व विजेचा खर्च चालूच राहिला. निगमाची कचरागाडी दारापर्यंत येते, पण जिना झाडायला ती येत नाही.

येथील मराठी घरांमध्ये आणखी एक गोंधळ हमखास होतो. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांच्या सोसायटीत काय चालते याचे दाखले बैठकीत दिले जातात : भाडेकरू ठेवल्यास सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक ना-वापर शुल्क घेता येत नाही, सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना घेतले जाणारे हस्तांतरणाचे अधिमूल्य पंचवीस हजार रुपयांच्या पुढे जात नाही, इत्यादी. हे दोन्ही दंडक महाराष्ट्र शासनाने २००१ साली तेथील सहकारी संस्थांसाठी घातले. इंदूरच्या मल्टीला ते लागू होत नाहीत. बैठकीतला अर्धा वेळ दुसऱ्या राज्याच्या नियमांवर वाद घालण्यात जातो.

इंदुरात लागू होणारा कायदा वेगळ्या घराण्यातला आहे. प्युर्टो रिकोने १९५८ साली इमारतीतील एकेका गाळ्याच्या स्वतंत्र मालकीचा सविस्तर कायदा केला. अमेरिकेच्या संघ सरकारने १९६१ साली अशा सदनिकांवरील कर्जांना विमासंरक्षण दिले आणि पुढच्याच वर्षी तेथील गृहकर्ज विमा यंत्रणेने राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार केला. महाराष्ट्राचा १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा या नमुन्यावरून घेतलेला आहे. मध्य प्रदेशने १९७६ साली प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, म्हणजे सदनिका मालकीचा कायदा, केला आणि २००० साली त्याच नावाचा नवा कायदा आणला. या सर्व कायद्यांचा सांगाडा सारखा आहे. सदनिका ज्याची त्याची, सामायिक भागात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा, त्या हिश्शाच्या प्रमाणात सामायिक खर्चाचा भार, आणि कारभार मालकांच्या संघाकडे. महाराष्ट्राच्या कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे की सामायिक सुविधा वापरणे सोडून दिले म्हणून मालकाची वर्गणीतून सुटका होत नाही, आणि थकलेली रक्कम हा त्या सदनिकेवरचा बोजा ठरतो.

कागदावर हे पुरेसे आहे. प्रत्यक्षात इमारत आधी उभी राहते आणि संघ फार मागाहून. मधल्या काळात बिल्डर किंवा त्याची एजन्सी कारभार पाहते, तीच दर ठरवते आणि हिशोबही तिच्याकडेच राहतो. विक्रीच्या वेळी मेंटेनन्स डिपॉझिट किंवा कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे घेतलेले असतात. ते कोणत्या खात्यात आहेत, त्यांचे व्याज कोठे जाते आणि संघ स्थापन झाल्यावर ते पूर्ण परत येणार का, यावरचे तंटे मासिक दरावरच्या तंट्यांपेक्षा कितीतरी कडवे असतात, कारण त्यात रक्कम मोठी आणि पुरावा तोकडा असतो. त्यात भर म्हणजे बरेचसे रहवासी संघ मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली, म्हणजे एखाद्या सांस्कृतिक मंडळाप्रमाणे, नोंदवले जातात. गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करायला ही नोंदणी चालते. सभासद होण्यासच नकार देणाऱ्या सदनिकाधारकाकडून मेंटेनन्स वसूल करताना मात्र असा संघ अडखळतो. प्रकोष्ठ कायद्याखालील संघाचा पाया मालकीशी जोडलेला असतो, म्हणून नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली हे पाहणे दराइतकेच महत्त्वाचे ठरते.

मधल्या काळातील ही पोकळी भरण्याचा सर्वात गंभीर प्रयत्न रेराने, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्याने, केला. १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आलेल्या या केंद्रीय कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, संघ कारभार हाती घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी शुल्कात पुरवणे हे प्रवर्तकाचे, म्हणजे बिल्डरचे, कर्तव्य आहे. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसेल, तर बहुसंख्य सदनिका आरक्षित झाल्यापासून तीन महिन्यांत संघ स्थापन व्हायला हवा. कलम १९ ने खरेदीदारावरही देखभाल शुल्काचा आपला वाटा वेळेवर देण्याचे आणि संघ स्थापनेत भाग घेण्याचे बंधन घातले आहे, ज्याचा उल्लेख तक्रारींमध्ये क्वचितच आढळतो. मध्य प्रदेशने आपले रेरा प्राधिकरण देशात सर्वांत आधी उभारलेल्या राज्यांबरोबर उभारले. तथापि ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही, आणि प्रकल्पात खरेदीदारांकडून मिळालेल्या रकमेच्या सत्तर टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवण्याचा जो नियम आहे, तो जमीन व बांधकामाच्या खर्चासाठी आहे, मेंटेनन्सच्या ठेवीसाठी नाही.

जीएसटीचा भाग थोडक्यात सांगता येईल. संघाची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर आणि प्रतिसदनिका मासिक शुल्क ७,५०० रुपयांच्या वर असेल, तर अठरा टक्के कर लागतो. ही मर्यादा जानेवारी २०१८ पूर्वी ५,००० रुपये होती. मर्यादा ओलांडल्यास संपूर्ण रकमेवर कर, असे २०१९च्या परिपत्रकाने सांगितले, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली केवळ वरच्या रकमेवर कर, असा निर्णय दिला. वीस-तीस सदनिकांच्या मल्टीला याची काळजी सहसा करावी लागत नाही.

लहान मल्टीतला खरा हट्टाचा मुद्दा वाटणीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली सहकारी संस्थेच्या संदर्भात सेवाशुल्क क्षेत्रफळानुसार न घेता प्रत्येक सदनिकेला सारखे घ्यावे, असे म्हटले. अपार्टमेंट कायद्याखालील इमारतींत मात्र अविभक्त हिस्सा हेच माप आहे आणि पुण्यातील एका मोठ्या संकुलाच्या प्रकरणात २०२५ साली त्याच न्यायालयाने ते उचलून धरले. दोन्ही निर्णय आपापल्या कायद्याच्या चौकटीत बरोबर आहेत. इंदुरात तळमजल्यावर दुकाने आणि वर सदनिका अशा इमारती पुष्कळ आहेत. दुकानदार म्हणतो, मी लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि तीन खोल्यांच्या सदनिकेचा मालक विचारतो, चौकीदार माझ्यासाठी जास्त जागतो काय. प्रकोष्ठ कायद्याच्या मापाने पाहिल्यास दोघांनाही आपल्या हिश्शाप्रमाणे द्यावे लागते. मात्र तो हिस्सा टक्केवारीत लिहिलेले घोषणापत्र बिल्डरने मुळात केले आहे का आणि त्याची प्रत संघाकडे आहे का, हे आधी तपासावे लागते.