तीन खात्यांचं एक गणित

कारखान्यातल्या तीन खात्यांना विचारलं, तर तिघांचंही बरोबरच असतं. खरेदीवाल्याला एकदम मोठी ऑर्डर द्यायची असते, कारण दर उतरतो. मशीन शॉपवाल्याला एकच पार्ट आठवडाभर चालवायचा असतो, कारण सेटिंग बदलण्यात अर्धी पाळी जाते. डिस्पॅचवाला गाडी पूर्ण भरल्याशिवाय सोडत नाही. आणि तरीही महिनाअखेरीला गोदाम नको त्या मालानं भरलेलं असतं आणि हव्या त्या मालासाठी ग्राहकांचे फोन येत असतात. या तिघांना एका गणितात बसवायला जवळपास साठ वर्षं लागली.

सुरुवात 1913 ची. फोर्ड हॅरिस या अमेरिकन इंजिनिअरनं कारखानदारांच्या एका मासिकात प्रश्न मांडला: एका खेपेला किती नग काढावेत? आकडे घालून पाहू. वर्षाला 2400 नग लागतात, दर खेपेमागे सेटिंगचा आणि कागदपत्रांचा खर्च 300 रुपये, आणि एक नग वर्षभर सांभाळायला 4 रुपये. हॅरिसच्या सूत्रानं उत्तर येतं 600. वर्षात चार खेपा, त्यांचे 1200 रुपये. सरासरी साठा 300 नगांचा, त्याचेही 1200. दोन्ही पारडी समान. मला मात्र या सूत्रातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. 600 ऐवजी 800 ची खेप काढली, तरी एकूण खर्च 2400 वरून फक्त 2500 वर जातो. अंदाज थोडा चुकला म्हणून फार बिघडत नाही, आणि शॉपमध्ये अंदाज चुकतातच. पण या हिशेबात मागणी वर्षभर सारखी धरलेली होती. महिन्यागणिक बदलणाऱ्या मागणीचं नेमकं उत्तर वॅग्नर आणि व्हिटिन यांनी 1958 मध्ये दिलं. शिवाय मशीन, जागा, गाड्या यांना हॅरिसच्या सूत्रात कसलीच मर्यादा नव्हती.

मर्यादेचं गणित टंचाईतून आलं. 1938 मध्ये लेनिनग्राडच्या प्लायवूड ट्रस्टनं तरुण गणिती लिओनिद कांतोरोविच यांच्यापुढे अडचण ठेवली. लाकूड सोलणारी आठ मशीन, पाच प्रकारचा माल, आणि प्रत्येक मशीनवर प्रत्येक मालाचा वेग वेगळा. कोणता माल कुठे लावला तर ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त उत्पादन निघेल? सगळ्या शक्यता तपासणं माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. कांतोरोविच यांनी प्रत्येक मर्यादेला एक गुणक जोडला. आज आपण त्याला शॅडो प्राइस म्हणतो, म्हणजे ती मर्यादा थोडी सैल झाली तर किती फायदा होईल, तो आकडा. जे मशीन अडलंय, त्याचा एक तास सोन्याचा. जे रिकामं उभं आहे, त्याचा जादा तास फुकट. पुरवठा साखळीच्या सगळ्या नियोजनात याहून उपयोगी कल्पना मला दुसरी दिसत नाही. पण भावांची ही भाषा सोव्हिएत अर्थशास्त्राला रुचणारी नव्हती, आणि त्यावरचं त्यांचं मोठं पुस्तक 1959 पर्यंत अडकून राहिलं.

तिकडे अमेरिकेत 1942 मध्ये अर्थतज्ज्ञ त्यालिंग कूपमन्स वॉशिंग्टनमध्ये युद्धकाळातल्या मालवाहू जहाजांचा हिशेब पाहत होते. त्यांना अडचण दिसली ती रिकाम्या फेऱ्यांची. माल पोचवण्याचा खर्च त्या फेरीपुरता नसतो. माल उतरवल्यावर रिकामं जहाज कुठे उभं राहतं आणि तिथून पुढचा माल किती लांब आहे, तेही त्यातच येतं. परतीचं भाडं न मिळालेल्या कोणत्याही ट्रकवाल्याला हे लगेच कळेल.

या सगळ्यांना चालेल अशी रीत 1947 मध्ये गणिती जॉर्ज डॅन्ट्झिग यांनी अमेरिकेच्या हवाई दलासाठी दिली: सिम्प्लेक्स. मर्यादांच्या या गणिताला लिनिअर प्रोग्रामिंग म्हणतात, पण त्या नावातला ‘प्रोग्राम’ कॉम्प्युटरचा नव्हे. लष्करात पुरवठ्याच्या आणि प्रशिक्षणाच्या आराखड्याला तो शब्द होता. पहिली मोठी चाचणी आहाराच्या प्रश्नावर झाली: 77 पदार्थ, 9 पोषक घटक, सगळ्यात स्वस्त आहार कोणता? टेबलावरची गणनयंत्रं घेऊन नऊ कारकून बसले आणि सुमारे 120 मनुष्यदिवस खपले. उत्तर आलं वर्षाला 39.69 डॉलर. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी आधी तर्कानं काढलेला आकडा होता 39.93! पुढे 1975 चं अर्थशास्त्राचं नोबेल कांतोरोविच आणि कूपमन्स यांना मिळालं. डॅन्ट्झिग त्यात नव्हते, आणि ते मला आजही खटकतं.

तेल शुद्धीकरण कारखान्यांनी इंधनाच्या मिश्रणासाठी ही रीत 1950 च्या दशकातच उचलली. पण गोदाम कुठे काढायचं, हा हो किंवा नाहीचा प्रश्न. अर्धं गोदाम काढता येत नाही. त्यासाठी वेगळी गणितं लागली, आणि ती खऱ्या धंद्यावर चालताना दिसली 1974 मध्ये. जेफ्रियन आणि ग्रेव्हज यांनी हंट-वेसन फूड्स या कंपनीचं वितरण मांडलं: मालाचे 17 गट, 14 कारखाने, गोदामांसाठी 45 संभाव्य जागा, 121 ग्राहक-विभाग. अट अशी, की एका विभागाला सगळा माल एकाच गोदामातून जायला हवा. त्यांनी गणिताचे दोन तुकडे केले. एक तुकडा गोदामं निवडतो, दुसरा त्या निवडीवर वाहतूक बसवून खर्च सांगतो, आणि तो खर्च ऐकून पहिला आपली निवड सुधारतो. उत्पादन, साठवण आणि रवानगी इथे एकाच टेबलावर आली.

टेबल मोठं झालं तसं गणितही फुगलं. मर्यादांत बसणारी सगळी उत्तरं मिळून अनेक कोपऱ्यांची एक आकृती होते, आणि सिम्प्लेक्स सर्वोत्तम उत्तराच्या शोधात तिच्या कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं चालते. 1972 मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दाखवलं, की वाईट प्रसंगी तिला जवळपास सगळेच कोपरे फिरावे लागतात. 1984 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतल्या नरेंद्र करमरकर यांनी आकृतीच्या पोटातून वाट काढली. ग्वाल्हेरला जन्मलेले, मुंबईच्या आयआयटीत शिकलेले करमरकर तेव्हा तिशीच्याही आत होते. प्रचंड मोठ्या गणितांवर ही आतली वाट किती कामाची आहे, ते लवकरच दिसलं. सिम्प्लेक्स मात्र मागे पडली नाही, स्पर्धेमुळे तीही सुधारली. आजच्या सॉल्व्हरमध्ये, म्हणजे ही गणितं सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मोठा प्लॅन टाकला, तर पुष्कळदा दोन्ही रीती एकदमच धावायला लागतात, आणि जिचं उत्तर आधी येईल ते घेतलं जातं.