मालधक्क्यावरचं संग्रहालय

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, डेल्टा नावाच्या कापसाच्या पट्ट्यात, क्लार्क्सडेल नावाचं गाव आहे. तिथलं डेल्टा ब्लूज म्युझियम, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या ब्लूज या गायनप्रकाराचं संग्रहालय, भरतं रेल्वेच्या १९१८ सालच्या मालधक्क्यात. आत गिटारी आहेत, पोशाख आहेत, पण आधी पाहावी ती ब्लूज गायक मडी वॉटर्सची लाकडी झोपडी.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, जमीन मात्र मळेवाल्यांकडेच राहिली. काळी कुटुंबं वाट्याने कापूस पिकवू लागली. बियाणं, अवजारं, किराणा सगळं उधारीवर. हंगाम संपला की ते वाट्यातून वजा व्हायचं आणि हिशेब मालकच मांडायचा. वर्षभर राबूनही अनेकांच्या डोक्यावर कर्जच उरे. शेतातल्या हाळ्या, कामाची गाणी, चर्चमधलं गाणं आणि शनिवार रात्रीचा नाच यांतून डेल्टाचं ब्लूज घडलं ते या माणसांत.

मडीचं खरं नाव मकिन्ली मॉर्गनफील्ड. तो स्टोव्हल मळ्यावर राहायचा. १९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ग्रंथालयासाठी ध्वनिमुद्रण करत तिथे पोचले. स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकून आपणही गवई आहोत याची मडीला खात्री पटली. तेव्हा तो मळ्यावर ट्रॅक्टर चालवत होता. मजुरी तासाला साडेबावीस सेंट. त्याने पंचवीस मागितले, मुकादमाने नाकारले. १९४३ मध्ये त्याने शिकागोची गाडी पकडली. पुढच्याच वर्षी शेजारच्या हॉपसन मळ्यावर पेरणीपासून वेचणीपर्यंतचं सारं पीक यंत्रांनी काढलं गेलं. हातांची गरजच सरत चालली. लाखो माणसं उत्तरेला गेली आणि त्यांच्याबरोबर गाणंही गेलं.

संग्रहालय उभं राहिलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ३१ जानेवारी १९७९ रोजी, एका प्राथमिक शाळेच्या खोलीत. गावच्या कार्नेगी ग्रंथालयाचे संचालक सिड ग्रेव्ह्ज यांनी ते जवळजवळ एकट्याने जपलं. ग्रंथालयात जागा मिळाली नाही की वस्तू मोटारीच्या डिकीत ठेवून दिवस काढले. एका ग्रंथपालाची ही चिकाटी त्या भिंतींवरच्या कुठल्याही प्रसिद्ध नावाइतकीच मोलाची आहे. झेडझेड टॉप या बँडच्या बिली गिबन्स यांनी मडीच्या झोपडीच्या लाकडातून गिटार करून घेतली, संग्रहालयासाठी निधी जमवायला हातभार लावला, तेव्हा कुठे देशाचं लक्ष इकडे वळलं.

१९९९ मध्ये ग्रंथालयापासून वेगळं होऊन संग्रहालय मालधक्क्यात आलं. मडीची झोपडीही पुढे देशभर फिरून परतली आणि तिथे उभी राहिली, स्टोव्हलच्या शेतापासून काही मैलांवर.